सारख्या दिसणाऱ्या कांजींचा गोंधळ असा सुटला

जपानी भाषेच्या एन३ पातळीच्या परीक्षेची तयारी करताना दोन कांजींनी, म्हणजे जपानी लिपीतल्या चिनी मूळच्या चिन्हांनी, मला फार दमवलं. मात्सु म्हणजे वाट पाहणे आणि मोत्सु म्हणजे हातात धरणे. दोन्हींच्या उजव्या बाजूला देवळाचं चिन्ह, फरक फक्त डावीकडे.

मग अशी जुळी चिन्हं मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवून शिकायला लागले. नजर फक्त डाव्या भागावर. मोत्सुमध्ये तिथे हात आहे, मात्सुमध्ये रस्त्याने चालण्याची खूण. म्हणजे देवळाबाहेरच्या रस्त्यावर कुणाची तरी वाट पाहत उभं राहणं! हे चित्र पक्कं बसलं. सोबत एकेक शब्दही जोडला: मोत्सुच्या कांजीला किमोची (भावना), मात्सुच्या कांजीला शोताइ (आमंत्रण).

उच्चारांसाठी याहून मोठा आधार सापडला. निळ्या रंगाच्या कांजीचं ओन वाचन, म्हणजे चिनीवरून आलेला उच्चार, सेइ. तिच्या डावीकडे पाणी आलं की स्वच्छ, सूर्य आला की निरभ्र, 'बोलणे' आलं की विनंती. आणि तिन्ही ठिकाणी वाचन सेइच. जोयो यादीतल्या, म्हणजे जपानमध्ये नेहमीच्या वापरासाठी ठरवलेल्या, २१३६ कांजींमध्ये अशी कुटुंबं भरपूर आहेत. हे वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वेगाचं म्हणाल तर आंकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये रोजच्या नव्या कांजी वीसवरून पाचवर आणल्या. आज घेतलेली कांजी उद्या, मग काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी उजळणीला परत येते, त्यामुळे घाईचा भार नंतर चढतो. उजळणी तुंबली, तर ती संपेपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही.

हाताने लिहिते, पण फक्त गोंधळाच्या जोड्या.