पूर चढण्याआधी स्कूटरची बॅटरी वर

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की पूरपट्ट्यातली घरं फ्रिज, धान्य वर चढवायला लागतात. त्यात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी पहिली उचला. 43 फूट, म्हणजे धोक्याची पातळी, यायची वाट बघू नका. निघत नसेल तर सबंध गाडीच उंचावर लावा.

काढताना चावी बंद, एमसीबी (गाडीतला बॅटरीचा सुरक्षा स्विच) खाली, मग कनेक्टर. वायर ओढायची नाही, कनेक्टर धरूनच सोडवायचा. प्लस-मायनस उघडे असतील तर वेगवेगळी टेप गुंडाळा. वर नेली म्हणून जिन्याच्या तोंडाशी टेकवू नका. पेटली तर पळायची वाट तीच. लाकडी माळा आणि गादीचं कपाटही नको. खिडकीजवळची कोरडी फरशी बरी, पण ऊन पडणारी नको.

महिनाभर गाडी हलणार नसेल तर चार्ज 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा. 48 व्होल्टचा, 13 सेलच्या मालिकेचा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला लिथियम) पॅक पूर्ण भरल्यावर 54.6 व्होल्ट दाखवतो. ठेवताना 49 ते 50 व्होल्ट पुरे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकमध्ये व्होल्टमीटर फसवतो, कारण मधल्या टप्प्यात व्होल्टेज फारसं हलतच नाही. तिथं डिस्प्लेवरचे टक्के बघा. बंद पॅकमधूनही बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) थोडा करंट खातो, म्हणून महिन्यातून एकदा तपासा.

चार्ज फार उतरून एखादा सेल 2 व्होल्टच्या खाली गेला की आतल्या फॉइलचं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना भलतीकडं जमून आतूनच शॉर्ट करतं. ‘डायरेक्ट सप्लाय देऊन उठवतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला म्हणूनच हात जोडावेत.

बुडालेली बॅटरी मात्र वाळवून वापरायची नाही. पाणी जातं, गाळ आणि क्षार बीएमएसच्या पट्टीवर राहतात; त्यातून करंट झिरपतो आणि आग कधीकधी काही दिवसांनी लागते. चार्जर लावू नका. ती थंड, शांत असेल तरच रबरी हातमोजे घालून उचला, घरापासून 15 मीटर लांब, उघड्यावर पण पावसाच्या आडोशाला ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकाची आहे. भंगारात घातली तर तिच्यावर हातोडाच पडणार.

फुगवटा, फुसफुस किंवा थिनरसारखा वास आला तर उचलायला जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा, 101 लावा, धुरात थांबू नका. पावडरच्या सिलिंडरनं ज्वाळा दबते, सेल तापलेलेच राहतात आणि पुन्हा पेटतात. थंड करायला भरपूर पाणीच लागतं, तेही अग्निशमनवाल्यांच्या हातानं.