मेंडोझाहून सांतियागोला बसनं जाताना चिलीची सीमा कशी पार करावी

अर्जेंटिनातल्या मेंडोझाहून चिलीच्या राजधानीपर्यंत बसला सात-आठ तास लागतात. सीमेवर गर्दी असली तर आणखी दोन-तीन तास धरा. व्हिसाचं काम आधीच झालंय असं गृहीत धरून पुढचं सांगतोय.

तिकीट सकाळच्या बसचं काढा. ‘रात्रीची बस घ्या, हॉटेलचे पैसे वाचतात’ हा सल्ला या रस्त्यावर साफ चुकीचा आहे. भर मध्यरात्री झोपेतून उठून, जवळपास 3,000 मीटर उंचीवरच्या थंडीत रांगेत उभं राहावं लागतं. शिवाय 6,961 मीटरचं अकोन्काग्वा शिखर अंधारात निघून जातं. वरच्या मजल्यावरची उजवीकडची खिडकी मागून घ्या. जून ते सप्टेंबर बर्फामुळे घाट अचानक बंद होतो, म्हणून सांतियागोहून पुढचं विमान असेल तर मध्ये दोन दिवस मोकळे ठेवाच.

स्वेटर, पेन आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत.

सीमेवरचा क्रिस्तो रेदेंतोर बोगदा ओलांडला की चिलीच्या बाजूला लोस लिबर्तादोरेसचं तपासणी केंद्र येतं. अर्जेंटिना सोडल्याची आणि चिलीत शिरल्याची नोंद इथं एकाच ठिकाणी होते. ते सोपं आहे. लोक अडकतात ते त्यानंतर, खाण्याच्या पदार्थांवरून.

चिलीच्या उत्तरेला वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला समुद्र. बाहेरची कीड आपसूक आत येणं कठीण. ती येते प्रवाशांच्या पिशव्यांतून. फळमाशी शिरली तर चेरी आणि द्राक्षांची निर्यात अडचणीत येते. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं समजावायला नको. म्हणून ‘साग’ हे तिथलं शेती आणि पशुधन खातं प्रत्येक प्रवाशाकडून प्रतिज्ञापत्र भरून घेतं. ते आता ऑनलाइनही भरता येतं. त्यात विचारतात: वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य काही जवळ आहे का?

इथं ‘हो’ लिहा. थोडी जरी शंका असली तरी ‘हो’च. ‘नाही लिहा, उगाच वेळ जातो’ असं शेजारचा प्रवासी सांगेल, त्याचं ऐकू नका. ‘हो’ लिहून वस्तू दाखवली आणि ती चालत नसली, तर काढून घेतात आणि विषय संपतो, दंड होत नाही. ‘नाही’ लिहिलं आणि एक सफरचंद सापडलं, तर दंड होतो. विसरलो होतो, हे कारण चालत नाही. सगळं सामान यंत्रातून जातं, वास घेणारा कुत्राही फिरतो. एकाच्या पिशवीतल्या फळापायी अख्खी बस खोळंबलेली मी पाहिली आहे.

आपल्या लोकांनी जास्तच जपायला हवं, कारण आपला डबा नेमका याच गोष्टींनी भरलेला असतो. ताजी फळं, लिंबू, कढीपत्ता, मध हे सीमेआधीच संपवा किंवा टाकून द्या. अख्खे मूग, मेथीदाणे, धने हे आपल्यासाठी स्वयंपाकाचं सामान असलं तरी त्यांच्या लेखी बियाणं आहे. तूप, खवा आणि घरचे लाडूही अर्जात लिहा आणि दाखवा, निर्णय अधिकाऱ्याला घेऊ द्या. कारखान्यातली सीलबंद बिस्किटं आणि चॉकलेट सहसा अडत नाहीत. लेबल नसलेल्या पुड्या मात्र आणूच नका. भाषा येत नसताना भाजणीचं पीठ काय असतं हे समजावणं फार कठीण जातं. बसमध्ये चढण्यापूर्वी बॅगेचे बाहेरचे कप्पेसुद्धा चाचपून पाहा. अर्धवट खाल्लेलं फळ बहुतेक वेळा तिथंच राहिलेलं असतं.

प्रवेशाची छोटी चिठ्ठी मिळाली, तर ती पासपोर्टात ठेवा. देश सोडताना ती मागू शकतात, आणि बऱ्याच हॉटेलांत ती दाखवून परकीय चलनात पैसे भरले की परदेशी पाहुण्यांना 19 टक्के कर माफ होतो.

तिथून लोस काराकोलेसची वळणं उतरत बस खाली येते. गाडी लागत असेल तर गोळी आधीच घ्या. तिथल्या हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे करा. तिथल्या उन्हाळ्यात दोन्हीकडची वेळ एकच असते. सांतियागोच्या दक्षिण बस टर्मिनलवर उतरलात, तर युनिव्हर्सिदाद दे सांतियागो हे मेट्रो स्थानक अगदी जवळ आहे. तिथं मेट्रोचं ‘बिप’ कार्ड विकत घेऊन त्यात पैसे भरा.