ब्लॉक्सच्या पेटीत चोरकप्पा: किल्ली म्हणजे बॉलपेनची रिफिल

मुलांचे ब्लॉक्स घरात असतील तर लहानसहान वस्तू लपवायला कुठलंही सामान विकत आणावं लागत नाही. तयार वस्तूही मिळतात म्हणा. रूम कोपनहेगन ही डॅनिश कंपनी लेगोच्या परवान्याने अवाढव्य ब्लॉकच्या आकाराचे साठवणीचे डबे काढते, आणि त्यातला आठ बटणांचा (बटण म्हणजे ब्लॉकच्या वरचा गोल उंचवटा) डबा ५० बाय २५ बाय १८ सेंटिमीटरचा आहे. पण त्या डब्यात काहीतरी ठेवलेलं आहे हे कुणालाही कळतं. इथे बनवायची आहे ती चार बोटांत मावणारी पेटी, आणि तिच्यातला कप्पा म्हणजे आत-बाहेर सरकणारा खण. ती शेल्फवर इतर खेळण्यांत पडून राहील, आणि तिला कप्पा आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला समजणार नाही.

आधी मापं

लेगोचा आजचा ब्लॉक, म्हणजे वर बटणं आणि आत नळ्या असलेला, याच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. तेव्हापासून त्याची मूळ मापं तीच आहेत, आणि आपलं सगळं काम त्यांच्यावर चालतं. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ब्लॉकची उंची, बटण सोडून, ९.६ मिलिमीटर. चपटी प्लेट ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेट्स एकावर एक ठेवल्या की एक ब्लॉक. वरून गुळगुळीत, बिनबटणाची ती टाइल. तिची उंची प्लेटएवढीच. बटण स्वतः साधारण पावणेदोन मिलिमीटर वर येतं.

याहून महत्त्वाची एक बारीक गोष्ट आहे. एक बटणाचा ब्लॉक पूर्ण ८ मिलिमीटर रुंद नसतो, ७.८ असतो. दोन्ही बाजूंनी ०.१ मिलिमीटर जागा मुद्दाम सोडलेली असते, नाहीतर शेजारी शेजारी बसवलेले ब्लॉक एकमेकांना रेटत राहिले असते. या जागेमुळेच सहा बटणांच्या पोकळीत सहा बटणांचा खण अडकत नाही, सरकतो. आडव्या दिशेने ही सूट आपल्याला फुकट मिळते, उभ्या दिशेने मिळत नाही. उंचीत मोकळी जागा आपणच ठेवावी लागते, आणि घरी केलेले खण अडकतात ते बहुधा इथेच.

आता काय लपवायचं ते ठरवा, बांधायला त्यानंतर घ्या. आपल्या खणात आतून ३२ बाय ३२ मिलिमीटर जागा मिळेल. दहा रुपयांचं आणि वीस रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते आडवं बसेल. अंगठी, कानातलं, मेमरी कार्ड, सुटकेसच्या कुलुपाची चिमुकली किल्ली, हेही बसेल. घराच्या लॅचची किल्ली बसणार नाही. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी टाकली तरी जेमतेम ४५ मिलिमीटर मिळतात.

ब्लॉक थोडेच असतील तर

मोठ्या पेटीएवढे ब्लॉक नसतील तर चार बाय चार बटणांच्या प्लेटवर कडेकडेने तीन थर चढवा. मधे दोन बाय दोनची, म्हणजे १६ मिलिमीटरची विहीर राहते. मायक्रो मेमरी कार्ड १५ बाय ११ मिलिमीटरचं असतं, ते अलगद आत जातं. वर झाकण म्हणून चार बाय चारचीच प्लेट. एक मात्र करा: वरच्या कडेवर सगळीकडे टाइल लावा, फक्त समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत टाइलऐवजी एक बटणी प्लेट लावा, म्हणजे दोनच बटणं उघडी राहतील. बारा बटणांवर बसलेलं झाकण काढताना नख तुटतं, दोन बटणांवरचं बोटाने निघतं.

मोठी पेटी: सामान

आठ बाय आठच्या दोन प्लेट्स, एक तळाला आणि एक छताला. सहा बाय सहाची एक प्लेट खणाच्या तळाला. एक बटण रुंदीचे ब्लॉक मिळून साधारण १०६ बटणं भरतील इतके: बाहेरच्या भिंतींना ६६, खणाला ४०. यातले बरेच चार बटणी असले तर सत्तावीस-अठ्ठावीस नगांत काम होतं. दोन बाय दोनच्या नऊ टाइल. एक बटणी ब्लॉक दोन, एक बटणी टाइल एक. आणि आडवं भोक असलेला दोन बटणी ब्लॉक एक. लेगोच्या टेक्निक मालिकेत तो असतो.

शक्यतो सगळे ब्लॉक एकाच कंपनीचे घ्या. गल्लीतल्या दुकानातले स्वस्त ब्लॉक वाईट असतात असं नाही, पण दोन कंपन्यांच्या मापात केसाएवढा फरक असला तरी खण तिथे अडतो. मिसळावेच लागले तर भिंती आणि खण एका कंपनीचे ठेवा, छत कुठलंही चालेल.

बांधणी

तळाची प्लेट समोर ठेवा. डावी, उजवी आणि मागची अशा तीन कडा भिंतींसाठी. तुमच्याकडची कड उघडी राहणार. आत सहा रुंद आणि सात खोल अशी जागा उरते. तिच्या पुढच्या सहा ओळींवर नऊ टाइल बसवा, एकही बटण उघडं राहू देऊ नका. टाइल कमी पडल्या तर डाव्या-उजव्या कडेला दोन रुळांसारख्या लावल्या तरी खण त्यांवरून सरकतो. मागची सातवी ओळ तशीच सोडा, फक्त तिच्या दोन्ही टोकांना एक बटणी ब्लॉक लावा. हे अडसर आहेत. ते नसतील तर खण बटणभर जास्त आत जाईल आणि पेटीच्या एका बाजूला खळगा दिसेल.

मग भिंतींचे तीन थर. गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसंच इथेही प्रत्येक थराचा सांधा खालच्या ब्लॉकच्या मधोमध आणा. सांधे एका रेषेत आले तर बाजूच्या भिंती मधे आत झुकतात आणि खणाला चिमटीत धरतात. मागच्या भिंतीच्या दुसऱ्या थरात तीन बटणी, मग भोकाचा दोन बटणी, मग पुन्हा तीन बटणी असा क्रम ठेवा, म्हणजे भोक बरोबर मध्यावर येईल. त्या थरात सांध्यांची जागा भोकामुळे ठरलेलीच असल्याने वरचा आणि खालचा थर त्याप्रमाणे जुळवून घ्या. भोकाचा ब्लॉक नसेल तर त्या जागी एका बटणाएवढी खिडकी मोकळी सोडली तरी भागतं, फक्त ती जास्त डोळ्यांत येते.

छत लावण्याची घाई नको, आधी खण करा. सहा बाय सहाच्या प्लेटवर चारी कडांनी दोन थर, तेही सांधे चुकवून. खण उघड्या बाजूने आत सरकवा. तो अडसरांना टेकला की त्याचा दर्शनी भाग पेटीच्या कडेशी सपाट यायला हवा. आत-बाहेर चार वेळा करून बघा. कुठे घासत असेल तर भिंत बाहेरून दोन्ही तळव्यांनी दाबून ब्लॉक नीट बसवा. नव्वद टक्के वेळा एखादा ब्लॉक अर्धवट बसलेला असतो. तेल अजिबात लावू नका. हे ब्लॉक एबीएस प्लॅस्टिकचे असतात, त्यांना काही तेलांनी तडे जातात, आणि तेलावर बसलेली धूळ निघता निघत नाही.

उंचीचा हिशेब असा. भिंत तीन ब्लॉक, म्हणजे नऊ प्लेट्स. फरशीची टाइल एक, खणाचा तळ एक, खणाच्या भिंती सहा, झाल्या आठ. उरलेली एक प्लेट ही मोकळी जागा, आणि तिच्यात खणाच्या भिंतींवरची बटणं छताला न लागता फिरतात. ही जागा भरायचा मोह होतो, कारण खणाच्या वर ३.२ मिलिमीटरची फट दिसते. भरू नका. ज्या बाजूने खण उघडतो ती बाजू भिंतीकडे करून ठेवायची, एवढंच. लोकांसमोर येते ती भोकाची बाजू. पाहणारा भोकाच्या बाजूला कप्पा शोधत बसतो आणि कप्पा असतो पाठीमागे, त्यामुळे ही फट आपल्या पथ्यावरच पडते.

या रचनेत एक खोट आहे. टाइलवर खण इतका सहज सरकतो की पेटी उचलून तिरकी केली तर तो आपोआप बाहेर येतो. उपाय सोपा आहे: खणाच्या मागच्या भिंतीवर, मध्यावर, एक बटणी टाइल लावा. तिची उंची मोकळ्या जागेएवढीच असल्याने ती छताला हलकी घासत जाते आणि खणाला धरून ठेवते. एकच पुरे. चार लावल्या तर तुमचा तुम्हालाच कप्पा उघडणं जड जाईल.

आता छत दाबून बसवा. आठ बाय आठची अखंड प्लेट नसेल तर लहान प्लेट्सचे दोन थर, एक उभा आणि एक आडवा, असे लावा. एका थराचं तुकड्यांचं छत मधे लवतं.

उघडायचं कसं? भोकाचा व्यास ४.८ मिलिमीटर, साध्या बॉलपेनची रिफिल त्यातून आरामात जाते. रिफिल सरळ आत सारा. भिंतीची जाडी आणि अडसरांमुळे सुटलेली जागा ओलांडली की ती खणाला टेकते आणि खण पलीकडून डोकावतो. रिफिलची निब पुढे ठेवू नका, नाहीतर खणाच्या पाठीवर शाईचे ठिपके पडतात. खणाला कडी किंवा मूठ लावू नका. मूठ दिसली की कप्पा सापडलाच.

रंगाबद्दल एकच: दर्शनी भाग एकाच रंगाचा केला तर खणाची चौकट रेषेसारखी उठून दिसते. तीन-चार रंग वेडेवाकडे मिसळले की रेषा त्यात हरवते.

काय ठेवू नये

बटण सेल ठेवू नका. सीआर २०३२ या नेहमीच्या सेलची जाडी ३.२ मिलिमीटर, बरोबर एका प्लेटएवढी, आणि व्यास २० मिलिमीटर, त्यामुळे तो या खणात छान बसतो आणि म्हणूनच हे सांगायला हवं. मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. लहान चुंबकं आणि औषधाच्या गोळ्याही नकोत. पेटी खेळण्यासारखी दिसते, त्यामुळे घरातलं मूल ती उघडणारच. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर ही पेटी त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नका; सुटे ब्लॉकच त्याच्यासाठी घशात अडकणारे आहेत. ब्लॉक नवे घेणार असाल तर खोक्यावर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ती सक्तीची आहे.

सोन्याचं म्हणाल, तर त्यासाठी लॉकर असतात. ही पेटी टेबलावरून पडली की तिचे तुकडे होतात, आणि मग काय लपवलं होतं ते सगळ्या घराला दिसतं.

पेटी मळली तर कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, थोड्या साबणाने धुवा. उकळतं पाणी किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव्य नको, त्यातल्या ॲसिटोनने एबीएस विरघळतं. पांढरे आणि करडे ब्लॉक उन्हात पिवळे पडतात, म्हणून खिडकीत ठेवायची असेल तर गडद रंगांची बांधा.

आणि खण पूर्ण बाहेर काढल्यावर मागे दोन अडसरांच्या मधे जी चार बटणं रुंद, एक बटण खोल अशी खाच उरते, ती वाया घालवू नका. नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं असतं. ते आडव्या कडेवर उभं केलं की भोकाच्या पातळीखाली राहतं, त्यामुळे रिफिल त्याच्या डोक्यावरून जाते. ते खडखडू नये म्हणून बाजूला कापसाचा बोळा दाबून ठेवा. खण ज्याला सापडेल, तो खण रिकामा करून पेटी परत ठेवून देईल.