स्लो कुकरमधल्या बरगड्या वातड का होतात? या चुका टाळा

भाचीनं अमेरिकेहून आणलेला पहिला स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं, आमच्या घरी जेमतेम दहा मिनिटं चालला. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. मी अडॅप्टर लावून सरळ प्लगात खुपसला. जळका वास आला आणि संपला खेळ. म्हणजे पहिली चूक मटण आणायच्या आधीचीच. भांड्याच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचा. तिथं 120 लिहिलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरत नाही, त्या वॉटला झेपेल असा ट्रान्सफॉर्मर लागतो. मी नंतर इथंच मिळणारा दुसरा घेतला.

दुकानात बरगड्यांची अख्खी पट्टी मागा. सवयीनं गप्प उभं राहिलात तर रश्श्याचे तुकडे हातात पडतात. पट्टीच्या हाडाकडच्या बाजूला पातळ, चिवट पांढरा पडदा असतो. "मामा, तेवढा आतला पडदा काढून द्या" म्हटलं तर उत्तर मिळालं, "राहू दे की, शिजल्यावर जातोय." जात नाही. आठ तास शिजवला तरी दाताखाली प्लास्टिकसारखा येतो, वर मसालाही आत जाऊ देत नाही. घरी एका टोकाला हाडावरून सुरीचं टोक घालून तो सैल करा, कोरड्या फडक्यात पकडा आणि ओढा. बोटातून निसटतो, फडक्यातून नाही.

पाणी

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आपल्या हातातच बसलीय. प्रेशर कुकरला पाणी नसेल तर शिट्टी होत नाही, तळ लागतो. म्हणून आपण न विचारता पाणी ओततो. स्लो कुकरात वाफ बाहेर जातच नाही. झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि परत आत पडतं. त्यात मटणाला स्वतःचं पाणी सुटतं ते वेगळंच. मी पहिल्या खेपेला दोन वाट्या ओतल्या आणि जे तयार झालं ते धड तांबडा नव्हतं, पांढरा नव्हतं आणि बार्बेक्यू तर मुळीच नव्हतं. किलोभर बरगड्यांना तळाशी जाड कांद्याच्या चकत्या आणि दोन चमचे व्हिनेगर बास. पट्टी आडवी न रचता भिंतीला टेकवून उभी लावा, मांसाची बाजू बाहेरच्या अंगाला.

झाकण

"अरे, बघू तरी शिजलंय का!"

"आई, उघडू नको."

"नुसतं बघते रे."

त्या नुसत्या बघण्यात कोंडलेली वाफ जाते आणि परत तेवढं तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. आईनं दुपारभरात चारदा बघितलं. जेवायला रात्रीचे साडेदहा वाजले.

सहा तास झाले तरी वातड, म्हणून जास्त शिजलं असं समजून बरेच जण बटण बंद करतात. नेमकं उलटं असतं. बरगडीतले चिवट धागे, म्हणजे कोलॅजेन, साधारण 70 अंशांच्या पुढं सावकाश विरघळायला लागतं. डुकराच्या बरगड्या खऱ्या मऊ होतात त्या आतून 90 ते 95 अंशांना. 'लो'वर सहा ते आठ तास धरा, 'हाय'वर तीन ते चार. घाई नसेल तर 'लो'च. मांस हाडाच्या टोकापासून अर्धा इंच मागं सरलं आणि हाड पिळल्यावर हललं, की झालं. बकऱ्याच्या बरगड्या पातळ, पण जनावर किती जून यावर सगळं. पाच तासांनी बघायला सुरुवात करा. फ्रीजरमधलं दगडासारखं मटण तसंच टाकू नका. मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा.

सॉस सुरुवातीला ओतला तर तो पाणचट होतो. आधी फक्त मीठ, मिरची, लसूण चोळा. लवंग-दालचिनी घातलीच तर नेहमीच्या निम्मी, इतक्या तासांत ती उग्र होतात. सॉस वेगळा करा: वाटीभर टोमॅटो केचप, पाव वाटी गूळ, दोन मोठे चमचे व्हिनेगर, थोडी मोहरीची पूड, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. बाहेरच्या स्मोक्ड पेपरिकाच्या, म्हणजे धुरावलेल्या मिरचीपुडीच्या, मागं मी कधी लागलो नाही. मिरचीच्या मुलखात राहून ते बरं दिसत नाही.

शिजलेली पट्टी लगेच उचलली तर हाडं हातात आणि मांस भांड्यात. झाकण काढून दहा मिनिटं थांबा, मग दोन उलथनी खाली घालून काढा. वर सॉस फासून ओव्हनच्या ग्रिलखाली पाच मिनिटं, किंवा आमच्यासारखी कोळशाची शेगडी. धुराचा वास स्लो कुकर देतच नाही, तो इथं मिळतो. गूळ बघता बघता करपतो, तेव्हा जागचे हलू नका.

एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव येतो आणि लाईट जाते. घरी असाल तर सगळं पातेल्यात काढून गॅसवर मंद आचेवर पुरं करा. आतलं चिनीमातीचं भांडं मात्र गॅसवर ठेवू नका, तडकतं. बाहेरून आलात आणि लाईट कधी गेली, किती वेळ नव्हती हेच कळत नसेल, तर जीव तुटला तरी टाकून द्या.

तळाचा रस गाळून, वरची चरबी काढून कढईत निम्मा आटवा, मीठ त्यानंतरच. आई तो जोंधळ्याच्या भाकरीवर घेते. बरगड्या राहू देत म्हणते, दाताला त्रास नको. तेव्हा मऊ झाल्यात हे तिला चाखून बघायला सांगावं लागतं.