घरी लाँगआर्म बसवायचंय? आधी टेप काढा

"कुठलं मशीन घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो (लाँगआर्म म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या क्विल्टवर, म्हणजे गोधडीवर, फिरवायचं लांब हाताचं शिलाई मशीन), आणि खरं सांगू का, धंदा म्हणून करायचं असेल तर हा प्रश्न तिसरा-चौथा येतो. पहिला प्रश्न म्हणजे कुणाचे क्विल्ट शिवणार आणि कसले. अमेरिकेत टॉप, म्हणजे क्विल्टचा वरचा थर, जोडणाऱ्या बायका चिक्कार आहेत, पुरुषही आहेत आता बरेच, त्यांना तुकडे जोडायला मनापासून आवडतं पण टॉप, बॅटिंग (मधला कापूस), बॅकिंग (खालचं कापड) असे तीन थर एकत्र शिवायचे म्हटलं की घरच्या छोट्या मशीनमध्ये तो किंग साइझचा गठ्ठा कोंबता कोंबता खांदे जातात, मग टॉप कपाटात पडून राहतात. ते काम आपण घ्यायचं. त्यातलं बहुतेक काम एज-टू-एज असतं, म्हणजे एकच डिझाइन या कडेपासून त्या कडेपर्यंत. प्रत्येक ब्लॉकमध्ये वेगळं, रुलर लावून, पिसांची नक्षी-बिक्षी काढून केलेलं कस्टम काम फोटोत भारी दिसतं पण वेळ खातं. नवीन असाल तर डोळे मिटून एज-टू-एजने सुरुवात करा, हात बसतो आणि पैसेही येतात.

आता जागा. १२ फुटी फ्रेम १२ फुटांच्या खोलीत मावत नाही, हे लोकांना डिलिव्हरीच्या दिवशी कळतं. दोन्ही टोकांना क्लॅम्प लावायला, वाकायला, बॉबिन बदलायला माणूस जायला हवा, म्हणजे लांबी १५ फूट तरी धरा. आणि रुंदीला पुढून-मागून दोन्हीकडून उभं राहता आलं पाहिजे, कारण कागदी पँटोग्राफ, म्हणजे कागदावर छापलेलं डिझाइन, मशीनच्या मागच्या बाजूने करतात, लेझरचा ठिपका रेषेवरून फिरवत. भिंतीला चिकटवून फ्रेम लावली की पँटोग्राफ संपला. बहुतेकांकडे यासाठी बेसमेंट असतं, आमच्याकडेही तेच. तिथे डीह्युमिडिफायर लागतोच, ओलीने कापूस आणि कापड दोन्हीला वास धरतो आणि गिऱ्हाईक पिशवी उघडल्या उघडल्या पहिलं नाक लावतं. फ्रेमचे रॉड तुकड्यांत येतात त्यामुळे जिन्यावरून उतरतात, पण वळण असेल तर आधी मोजून ठेवा. गॅरेजमध्ये लावणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार दिलेला असतो. फ्रेम लेव्हल नसेल तर मशीन हात सोडला की आपोआप एका बाजूला सरकतं आणि तुमचे गोल अंडाकृती येतात, मग तुम्ही स्वतःच्या हाताला शिव्या घालता. स्पिरिट लेव्हल घ्या, रुळावर ठेवा, पायांचे स्क्रू फिरवा, आठवड्याने परत तपासा कारण नवीन फ्रेम बसते थोडी. कार्पेट असेल तर अजून जास्त बसते.

बरं, आता मशीन. गॅमिल, एपीक्यूएस, इनोव्हा, हँडी क्विल्टर, बर्निना ही नावं ऐकाल. भांडणं भरपूर आहेत कुठलं चांगलं यावर, मी त्यात पडत नाही. मी एवढंच सांगेन की तुमच्यापासून गाडीने जाता येईल अशा अंतरावर ज्याचा डीलर आणि टेक्निशियन आहे ते मशीन घ्या, कारण टायमिंग (सुई आणि हुकाचा मेळ) बिघडलं तर ४०-५० पौंडांचं हेड खोक्यात घालून पाठवण्यात मजा नाही. बघायचं काय तर गळा, म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतची जागा. १५-१६ इंचांपासून ३० इंचांपर्यंत मिळते. पण ती सगळी तुम्हाला वापरायला मिळत नाही, क्विल्ट गुंडाळत जातो तसा गळ्यातला रोल जाड होत जातो आणि शेवटच्या ओळीला जागा सगळ्यात कमी उरते, म्हणून १५ इंची गळ्यात ८-९ इंची पँटोग्राफ ठीक, १२ इंची हवा असेल तर २० च्या पुढे जा. किंग साइझ घेणार असाल तर फ्रेम १२ फुटीच.

स्टिच रेग्युलेटर हवाच हवा. चाकांवर एन्कोडर (हालचाल मोजणारे सेन्सर) असतात, तुम्ही हात हळू फिरवा की जोरात, ते मशीनचा वेग त्याप्रमाणे कमी-जास्त करतात आणि टाका सारखा येतो. १० ते १२ टाके इंचाला, मी ११ वर ठेवते. कॉम्प्युटर हवा का? धंदा करायचा असेल तर कधी ना कधी लागतो, तो डिझाइन स्वतः शिवतो आणि तुम्ही तेवढ्यात पुढचा टॉप इस्त्री करता. पण पहिले काही महिने हाताने करा, म्हणजे धागा का तुटतोय हे कानाला कळायला लागतं. कॉम्प्युटर घेतला म्हणून मशीन सोडून वर जेवायला जाता येत नाही, बॉबिन संपली तरी तो बिचारा हवेतच शिवत राहतो. किमतीचं म्हणाल तर छोटं हाताने चालवायचं मशीन फ्रेमसकट काही हजार डॉलरमध्ये बसतं, मोठं कॉम्प्युटरवालं नवीन गाडीच्या किमतीत जातं. शोमध्ये वापरलेली मशीन्स शो संपताना कमी भावात देतात. केंटकीतल्या पडुकाला वसंतात आणि ह्यूस्टनला शरदात मोठी प्रदर्शनं भरतात, तिथे सगळी मशीन्स एकाच छताखाली चालवून बघता येतात आणि तोही वेळ वसूल होतो.

क्विल्ट चढवताना

बॅकिंग टॉपपेक्षा चारी बाजूंनी ४ इंच मोठं, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीत ८ इंच जास्त. बॅटिंगही तेवढंच. गिऱ्हाईक म्हणणार "दोन इंच आहे की शिल्लक", तर नाही, चालत नाही, बाजूचे क्लॅम्प लावायला आणि टेन्शन (धाग्याचा ताण) तपासायला ती पट्टी लागते. बॅकिंगला जोड असेल तर तो रोलरला समांतर येईल असा चढवा, उभा आला तर प्रत्येक वेढ्यात जोडावर जोड बसून मधे उंचवटा येतो आणि कडा सैल पडतात. मिंकी (मऊ लवदार कापड) असेल तर कुठल्या बाजूला ताणतंय ते आधी हाताने ओढून बघा.

बॅकिंग लीडरच्या, म्हणजे रोलरला जोडलेल्या, कॅनव्हासला मधोमध खूण करून पिना लावत दोन्ही कडांकडे जा. ताण किती? खालून बोट वर दाबलं तर वरून ते बोट दुसऱ्या हाताने चिमटीत धरता आलं पाहिजे. ढोलकीसारखं ताणलं तर फ्रेमवरून उतरवल्यावर सगळं आकसतं. मग बॅटिंग पसरा, आडव्या रेषेत मशीनचं चॅनल लॉक करून (म्हणजे ते त्या एकाच रेषेत फिरतं) एक सरळ टीप मारा, आणि टॉपची वरची कड त्या टिपेला लावून बेस्ट करा, म्हणजे कच्ची टीप घाला. टॉप मी रोलरला पिनत नाही, पुढे मोकळा लोंबता ठेवते, प्रत्येक वेळी पुढे सरकवला की हाताने सारखा करून दोन्ही बाजू बेस्ट. वेळ वाचतो आणि वाकडेपणा लगेच दिसतो.

टेन्शन, आणि परत टेन्शन

इथे घाई नको. लोक वरची घुंडी फिरवत बसतात, सुरुवात बॉबिनपासून करायची असते. बॉबिन केस तळहातावर आडवी ठेवा, धागा धरून वर उचला, केस उभी राहिली पाहिजे पण हात सोडून हवेत जाता कामा नये. हे झालं अंदाजाचं. टोवा गेज (बॉबिनचा ताण मोजायचं यंत्र) घेतलात तर आकड्यात कळतं, माझं मशीन १८० ते २२० च्या मधे खूश असतं, तुमचं वेगळं असेल, पण एकदा सापडलेला आकडा धाग्याच्या नावासकट वहीत लिहा. बॉबिन पक्की झाली की मग वरचं. बॅकिंगच्या त्या जास्तीच्या पट्टीवर गोल, टोकं, उलटसुलट रेषा शिवा आणि खाली वाकून टॉर्चने खालची बाजू बघा, वरून छान दिसणं काही उपयोगाचं नाही. खालचा धागा रुळासारखा सरळ पडलाय आणि नखाने उचलता येतोय तर वरचं टेन्शन वाढवायला हवं किंवा बॉबिन सैल करायला हवी. वळणावर पापण्यांसारखे केस आलेत तर वरचं सैल आहे किंवा तुम्ही वळणावर वेग घेताय. सुई १८ नंबरपासून सुरू करा, जाड धाग्याला अजून मोठी. प्रत्येक क्विल्टला नवीन सुई, ते काही डॉलर वाचवू नका. बॉबिन बदलताना हुकपाशी ब्रश फिरवून कापूस काढा आणि एक थेंब तेल, बास.

धागा ४० वेटचा (वेट म्हणजे जाडीचा आकडा) पॉलिएस्टर ठेवा, मोठे कोन घ्या, करडा, पांढरा, क्रीम, काळा, नेव्ही, बेज. यात बहुतेक क्विल्ट भागतात, करडा तर कशावरही चालतो. प्रत्येक रंग घेत सुटलात तर कपाट भरेल आणि गल्ला रिकामा.

टॉप ताब्यात घेताना

माझ्या मते स्टुडिओ टिकतो तो इथे. मशीन कितीही भारी असो, टॉप वाकडा असेल तर क्विल्ट वाकडाच होणार आणि नाव तुमचं जाणार. म्हणून मोठं टेबल, टेप आणि छापील फॉर्म. गिऱ्हाइकाच्या समोर टॉपची लांबी तीन ठिकाणी मोजा, डावी कड, मधोमध, उजवी कड. कड मधल्यापेक्षा दीड-दोन इंच जास्त भरली तर बॉर्डर लाटांसारखी हलणार आणि "क्विल्टिंगमध्ये जिरेल ना?" याला उत्तर नाही, नाही जिरणार, चुण्या पडतील. हे तेव्हाच सांगा, फॉर्मवर लिहा, सही घ्या. उलट बाजूला लोंबते धागे, उसवलेले जोड, बटणं-मणी असतील तर बघा. घरात सिगारेट, मांजर, कुत्रा आहे का विचारा, विचित्र वाटतं पण पुढच्या गिऱ्हाइकाला ॲलर्जी असते. डिझाइन, धाग्याचा रंग, बॅटिंग, वरची बाजू कुठली (यासाठी कडेला सेफ्टी पिन लावून चिठ्ठी), सगळं कागदावर, आणि टॉपचे दोन फोटो.

देसी गिऱ्हाईक आलं की साड्या येतात. आईच्या, आजीच्या. सुती नऊवारी असेल तर आधी उजेडासमोर धरा, जिथे विरलीय तिथे टाका धरणार नाही, मागून पातळ विणलेलं फ्युजिबल (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून घ्यायला सांगा. लाल-हिरव्याचा रंग ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा, रुमालाला लागला तर धुतल्यावर सगळ्या क्विल्टला लागणार. रेशमात सुईचं भोक कायम राहतं, तिथे उसवाउसवी नाही, म्हणून बारीक सुई, मोकळं डिझाइन आणि हळू वेग. जरीचा काठ धागा कापतो, मी तो बॉर्डरला ठेवायला सांगते आणि तिथे दोन्ही बाजूंनी सरळ टीप मारून सोडून देते. गोधडीसारखं दिसायला हवं असेल तर पिसं-फुलं नकोत, बोटभर अंतरावर समांतर रेषा, तेवढ्यानेच घरच्यांचे डोळे भरतात.

पैसे आणि कागद

दर चौरस इंचावर असतो. ६० बाय ७२ चा टॉप म्हणजे ४३२० चौरस इंच, अडीच सेंट दराने १०८ डॉलर. बॅटिंग, धागा, बॅकिंग जोडून देणं वेगळं लावा, आणि कमीत कमी चार्ज ठेवा नाहीतर बेबी क्विल्टमध्ये चढवायचा वेळही सुटत नाही. आजूबाजूच्यांचे दर बघा आणि त्यापेक्षा खाली जाऊ नका, स्वस्त म्हणून आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे स्वस्त मिळालं की जातं. बॅटिंग रोलने घ्या.

आणि हे नीट वाचा. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल आणि ईएडी (काम करायची परवानगी) नसेल तर पैसे घेऊन शिवायचं नाही, बेसमेंटमध्ये केलं तरी ते कामच आहे. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांनाही साइड धंदा चालत नाही. "कॅश घेते, कुणाला कळतंय" हा सल्ला देणारी बाई तुमच्या ग्रीन कार्डच्या वेळी सोबत येत नाही, वकिलाला विचारा. बाकीच्यांनी शहराचं होम ऑक्युपेशन परमिट, सोसायटीचे नियम आणि राज्याचा सेल्स टॅक्स बघावा, क्विल्टिंगच्या मजुरीवर टॅक्स आहे की नाही हे राज्यागणिक बदलतं. खोली फक्त धंद्यालाच वापरत असाल तर टॅक्समध्ये सोप्या पद्धतीने चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० फुटांपर्यंत वजावट मिळते, त्यामुळे तिथे पाहुण्यांची गादी टाकू नका. घराच्या इन्शुरन्समध्ये दुसऱ्यांचे क्विल्ट धरतात का विचारा, बहुतेक वेळा वेगळं रायडर (पॉलिसीला जोडलेलं जादा कलम) लागतं, आणि बेसमेंटवाल्यांनी पाणी भरण्याचं कलम वाचाच. टॉप जमिनीवर कधीच नाही, सगळे शेल्फवर, प्लास्टिकच्या डब्यात, नाव लावून.

ख्रिसमसचं काम ऑक्टोबरमध्ये बंद करा, कितीही ओळखीचं असलं तरी.