कॅन्सरचं महागडं औषध लिहून दिलंय? पहिला डबा विकत घ्यायच्या आधी हे वाचा (नागपूरकरांसाठी)

आमच्या आत्याला लंग कॅन्सर निघाला, बायोप्सीचा नमुना पुढच्या टेस्टला गेला, आणि रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी रोज एक घ्यायची गोळी लिहून दिली. तीस गोळ्यांचा डबा, दीड लाखाच्या वर. आतेभावाने त्याच संध्याकाळी एफडी मोडली अन् दोन डबे घेऊन आला, घाबरलेला माणूस दुसरं काय करणार. आठ दिवसांनी ओपीडीत बाजूला बसलेल्या एका ताईंनी सांगितलं की भाऊ, या गोळीची कंपनीची स्कीम आहे, ठरावीक डबे विकत घेतले की पुढचे फुकट मिळतात. आम्ही धावत गेलो तर कळलं की नाव नोंदवल्यानंतरचे आणि त्यांनी सांगितलेल्या स्टॉकिस्टच्या (घाऊक औषधविक्रेत्याच्या) बिलाचेच डबे धरतात. आमचे आधीचे दोन मोजलेच नाही. तीन लाख असेच गेले.

म्हणून सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगून राहिलो: आधी अर्ज, मग बिल. सरकारी योजना असो, मंत्र्यांचा निधी असो, कंपनीची स्कीम असो, जवळजवळ सगळीकडे झालेला खर्च परत मिळत नाही, पुढचा खर्च कमी होतो. आणि पैसे तुमच्या खात्यात नाही, हॉस्पिटलच्या खात्यात जातात. आता यात उपचार लांबवायचे नाहीत, ते आपण ठरवायचंच नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "सर, पैशाची सोय करायला चार-पाच दिवस लागतील, थांबलं तर चालेल का?" बऱ्याचदा ते हो म्हणतात, नाही म्हटले तर एकच डबा किंवा एकच सायकल (औषधाची एक फेरी) घ्या आणि तोही कंपनीच्या स्कीमबद्दल विचारल्यावरच.

त्याच वेळी डॉक्टरांना अजून तीन प्रश्न विचारायचे, लाजायचं नाही. एक, याचं जेनेरिक (तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं, स्वस्त) किंवा बायोसिमिलर (महागड्या इंजेक्शनसारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) आहे का? हा प्रश्न लाखाचा आहे. २०१२ मध्ये सोराफेनिब या गोळीचं महिन्याचं औषध २ लाख ८० हजाराला होतं, सरकारने भारतीय कंपनीला बनवायचं लायसन्स दिलं तर तेच ८,८८० रुपयांना आलं. ब्रेस्ट कॅन्सरच्या पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि भरपूर कंपन्यांचं जेनेरिक आल्यावर भाव धाडकन खाली आले. ट्रास्टुझुमॅब, बेव्हासिझुमॅब, रिटुक्सिमॅब यांचे भारतात बनलेले बायोसिमिलर आहेत. दोन, हे औषध किती महिने चालणार, म्हणजे एकूण आकडा कळतो, नाहीतर घरचे एका महिन्याचाच हिशोब धरून बसतात. तीन, हेच औषध महात्मा फुले योजनेच्या (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) पॅकेजमध्ये म्हणजे ठरलेल्या उपचारांत बसतं का, आणि तुमच्याकडे बसत नसेल तर नागपुरात दुसरीकडे कुठे बसतं का.

आता फाइल. एक जाड प्लास्टिकची फाइल घ्या आणि त्यात बायोप्सी रिपोर्ट, जीन टेस्टचा रिपोर्ट (ईजीएफआर, एचईआर टू, पीडी-एल वन जे काय असेल ते), स्कॅन, डॉक्टरांची सही-शिक्का असलेली चिठ्ठी, हॉस्पिटलचं लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक, पेशंटचं आणि घरच्यांचं आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो दहा-बारा, आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात आपले सरकार किंवा सेतूतून अर्ज टाकून द्या, उपचाराचं नंतर ठरत राहील. आणि नाव! आत्याच्या आधारवर नवऱ्याचं पूर्ण नाव, रेशनकार्डवर नुसतं आद्याक्षर, बायोप्सीवर माहेरचं आडनाव. आधार दुरुस्तीत आमचे नऊ दिवस गेले. हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशनला जे नाव सांगता ते आधारवरचंच अक्षर न अक्षर सांगा, नंतर रिपोर्टवर नाव बदलून मिळवणं फार जिकिरीचं होतं.

पहिला दरवाजा महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. ही योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डाची आहे असं आपल्याकडे अजूनही लोक समजून राहिले. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत. वय सत्तर किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं. पॅनलवरच्या हॉस्पिटलमध्ये शिरलं की काउंटरवर आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसलेला असतो, बिलिंग काउंटरच्या आधी त्याच्याकडे जा. आपल्याकडे मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मिहानमधलं एम्स आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, प्रत्येक ठिकाणी विचारा कारण कुठे कोणतं पॅकेज चालू आहे ते वेगळं असू शकतं. सर्जरी, रेडिएशन आणि नेहमीची किमो यात चांगली निघते. नवीन टार्गेटेड गोळ्या (ठरावीक जीनमधल्या बिघाडावरच्या) आणि इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) इंजेक्शन मात्र बऱ्याचदा निघत नाही, तरी बाकीचा खर्च योजनेत गेला की तुमच्या हातचा पैसा त्या एका औषधासाठी वाचतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही अन् "आमचं औषध बसत नाही" म्हणून ते योजनाच सोडून देतात. मंजूर पॅकेजवर वरून पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.

दुसरा दरवाजा कंपनीची स्कीम, ज्याला पेशंट असिस्टन्स प्रोग्राम म्हणतात. महागड्या औषधांपैकी बऱ्याच औषधांना ती आहे पण दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही. डॉक्टरांच्या असिस्टंटला किंवा हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला विचारा, डब्यावर कंपनीचं नाव असतं तिथे फोन करून विचारा. नोंदणी डॉक्टरांच्या सहीनेच होते. फोनवर हे सगळं लिहून घ्या: किती विकत घेतल्यावर किती फुकट, कोणत्या स्टॉकिस्टकडून घ्यायचं, बिलावर पेशंटचं नाव लागतं का, रिकामे डबे आणि स्ट्रिप परत द्यायच्या का, दर किती महिन्यांनी स्कॅन दाखवायचा, आणि मध्ये एक महिना गॅप पडला तर स्कीम तुटते का. आमच्या घरी आता आत्या गोळी काढली की स्ट्रिपवर पेनाने तारीख टाकते आणि रिकामी स्ट्रिप बुटाच्या खोक्यात ठेवते, महिनाअखेरीस भाऊ ते खोकं घेऊन जातो.

योजनेत जे बसलं नाही त्यासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी. इथे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजाराच्या आत असल्याचा दाखला लागतो, हॉस्पिटल त्यांच्याकडे नोंदलेलं असावं लागतं, खाजगी हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची सही लागते आणि पेशंटचा भरती असतानाचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो लागतो. मुंबईला जायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात चौकशी करा. पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीसाठी खासदारांचं शिफारसपत्र जोडतात, त्यासाठी खासदारांच्या जनसंपर्क कार्यालयात फाइल घेऊन स्वतः जा, फोनवर काम होत नाही. पूर्ण खर्च कुठूनच मिळत नाही, थोडा इथून थोडा तिथून असं जुळवावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबासाठी केंद्राचा आरोग्यमंत्री कॅन्सर रुग्ण निधी पण आहे, २००९ पासूनचा, तो प्रादेशिक कॅन्सर केंद्रांमार्फत मिळतो आणि तुकडोजी त्यातलं एक केंद्र आहे, तिथल्या सोशल वर्करला विचारा. इंडियन कॅन्सर सोसायटीचा कॅन्सर क्युअर फंड, टाटा ट्रस्ट, सिद्धिविनायक न्यास हे पण अर्ज घेतात, सोशल वर्करला त्यांचे फॉर्म माहीत असतात.

धर्मादाय हॉस्पिटलबद्दल तर मला तळमळून सांगायचंय कारण हा हक्क आहे, उपकार नाही. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ५० टक्के सवलतीत ठेवायच्या, हे मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतलं आहे. वर्षाला १ लाख ८० हजारापर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारापर्यंत असेल तर दुर्बल. त्यासाठी हॉस्पिटल आपल्या बिलिंगच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं, म्हणजे पैसा तिथे असतो. अट एकच, भरती होतानाच सांगायचं आणि कागद तेव्हाच द्यायचे. एका ठिकाणी आम्हाला "आमच्याकडे असं काही नसतं" म्हणून सांगितलं, भावाने शांतपणे म्हटलं की मग हेच लिहून द्या, मी सिव्हिल लाइन्सला धर्मादाय सहआयुक्तांच्या ऑफिसला दाखवतो. दहा मिनिटांत सोशल वर्कर खाली आल्या.

विकत घ्यायचंच असेल तर एमआरपीवर कधीच घेऊ नका. कॅन्सरच्या औषधात एमआरपी आणि खरा भाव यात खूप फरक असतो. गंजीपेठेतल्या दवाबाजारात दोन-तीन ठिकाणी, हॉस्पिटलच्या मेडिकल स्टोअरमध्ये आणि एम्सच्या अमृत फार्मसीत (सरकारी सवलतीचं दुकान) भाव विचारा, इमॅटिनिब, लेट्रोझोल, टॅमॉक्सिफेनसारख्या जुन्या गोळ्यांसाठी आधी जनऔषधीत बघा. सरकारी भाव फार्मा सही दाम अ‍ॅपवर दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधांवर जीएसटी शून्य झाला, त्यात अलेक्टिनिब, अ‍ॅटेझोलिझुमॅब वगैरे आहेत, बाकी औषधांवर ५ टक्के, तर बिलावर १२ टक्के दिसले तर तिथेच विचारा. बिल पक्कंच घ्या, बॅच नंबरसह. मार्च २०२४ मध्ये दिल्लीत कॅन्सरच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये दुसरंच औषध भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर "अर्ध्या भावात" देणाऱ्यापासून दूर राहा, आणि कंपनीला परत द्यायच्या नसतील तर रिकाम्या व्हायल नर्ससमोर निकामी करायला सांगा. इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असेल तर मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत टाकून आणू नका, थर्माकोलचा डबा, बर्फाचं पॅक, सकाळी लवकर जायचं, औषध बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही, मध्ये जाडसर कागद ठेवायचा, आणि शक्य असेल तर स्टॉकिस्टलाच सरळ डे-केअरला पाठवायला सांगायचं.

मेडिक्लेम असेल तर टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) आधी मेल करा. इन्शुरन्सच्या नियमात आधुनिक उपचारांच्या यादीत तोंडाने घ्यायची किमो आणि इंजेक्शनची इम्युनोथेरपी आहे, कंपनी त्यावर मर्यादा घालू शकते पण "हे बसतच नाही" म्हणाले तर लेखी मागा आणि तक्रार टाका, नाही ऐकलं तर विमा लोकपाल. ईएसआय (कामगार विमा), सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), राज्य सरकारी नोकरी, जे असेल त्याचं पूर्वपरवानगीचं पत्र आधी. जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर इन्कम टॅक्सच्या ८० डीडीबी कलमाखाली ४० हजार, पेशंट ज्येष्ठ असेल तर १ लाखापर्यंत वजावट मिळते, कॅन्सरतज्ज्ञाकडून प्रिस्क्रिप्शन घेऊन ठेवा.

मुंबईला टाटाला दाखवायला जायचं असेल तर रेल्वेची सवलत घ्या, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला तिकीट पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो. निघण्याच्या आदल्या रात्री सगळी फाइल मोबाइलवर स्कॅन करून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये टाका, ओरिजिनल बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि स्लाइड वेगळ्या डब्यात हातातच ठेवा, बर्थखाली नाही.