आडवी अक्कलदाढ काढताना

खालची अक्कलदाढ आडवी वाढून पुढच्या दाढेला टेकली होती आणि तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकून वारंवार सूज येत असे. औषधांनी दुखणे तेवढ्यापुरते थांबे, म्हणून अखेर ती काढून घेतली. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, कारण खालच्या ओठाला संवेदना देणारी नस मुळांच्या किती जवळ आहे, हे पाहणे आवश्यक असते. भूल दिल्यावर वेदना झाली नाही. मात्र दाब आणि दाढेचे तुकडे करणाऱ्या यंत्राचा डोक्यात घुमणारा आवाज (याची कल्पना सहसा कोणी देत नाही) चांगलाच जाणवला.

खरी काळजी त्यानंतरची. खड्ड्यात साकळलेले रक्त निसटले, तर हाड उघडे पडून काही दिवसांनी कानापर्यंत ठणका जातो. त्यामुळे पहिले 24 तास मी जोराने चूळ भरणे, थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे कटाक्षाने टाळले. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक होती, तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, पण हे अपेक्षितच असते. त्यानंतरही दुखणे वाढत गेले, ताप आला किंवा ओठ बधिरच राहिला, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवावे.